दोन गर्भपातांनंतर अ‍ॅस्पिरिन : संशोधन नेमकं काय सांगतं?

मृण्मयी_न

नमस्कार. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, पण या विषयावर सलग काही सापडलं नाही, म्हणून नवा काढतेय.

माझे दोन गर्भपात झाले. दोन्ही आठव्या-नवव्या आठवड्यात, दोन्ही वेळी सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. आता पुन्हा प्रयत्न करायचं ठरवल्यावर इथल्या (नाशिकच्या) डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडच्या जोडीला ७५ मिलिग्रॅमची इकोस्प्रिन (म्हणजे कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन) लिहून दिली. रोज एक, आत्तापासूनच. का, असं विचारल्यावर "रक्तपुरवठा चांगला राहतो" एवढंच उत्तर मिळालं. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिचेही दोन झाले. तिला तिथे ही गोळी दिली नाही, उलट "कारण सापडलेलं नसताना हिचा उपयोग होत नाही" असं सांगितलं.

गोळी घ्यायला माझी ना नाही. पण ती कशासाठी घेतेय ते मला कळायला हवं. ज्यांनी यावरचं संशोधन वाचलंय, ज्यांनी स्वतः गोळी घेतलीय आणि इथले डॉक्टर सदस्य, सगळ्यांनी लिहा. माहिती देताना शक्य असेल तर आकड्यांसकट द्या.

गोकर्ण

वाचतेय. मीही याच टप्प्यावर आहे.

कौमुदी७

मृण्मयी, दोन वेळा या सगळ्यातून गेलीस, वाचून पोटात कालवलं. मला पहिल्या गर्भपातानंतर काहीच दिलं नव्हतं, फक्त फॉलिक अ‍ॅसिड. पुढच्या खेपेला सगळं नीट झालं. बहिणीला मात्र सुरुवातीपासून इकोस्प्रिन होती. आमच्या दोघींच्या डॉक्टर वेगळ्या, त्यामुळे तुला पडलेला प्रश्न आमच्याही घरात पडला होता. जाणकारांची वाट बघते.

रानजाई

मृण्मयी, प्रश्न रास्त आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅस्पिरिन कमी मात्रेत घेतलं की रक्तातल्या प्लेटलेटमधलं सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम कायमचं बंद पडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला ते पुन्हा बनवता येत नाही. ती जगते तेवढे सात ते दहा दिवस तशीच राहते. थ्राँबॉक्सेन कमी तयार होतं, त्यामुळे गुठळ्या होण्याकडे आणि रक्तवाहिन्या आवळण्याकडे असलेला कल कमी होतो. (अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं नोबेल त्यांना प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठीच मिळालं.) वार रुजताना तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या राहाव्यात, हा गोळी देण्यामागचा विचार. तुमच्या डॉक्टरांनी जे थोडक्यात सांगितलं ते हेच.

विचार पटण्यासारखा आहे, पण पटण्यासारखे विचार चाचणीत टिकतातच असं नाही. सगळ्यात ठोस पुरावा आहे तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा, म्हणजे एपीएसचा. यात शरीर अशा अँटिबॉडी बनवतं ज्यांच्यामुळे गुठळ्या होतात आणि गर्भ टिकत नाही. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या गटाने १९९७ मध्ये एपीएस असलेल्या, वारंवार गर्भपात झालेल्या ९० बायकांचे दोन गट केले. नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत मूल झालं, अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनवर (हे गुठळ्या होऊ न देणारं इंजेक्शन) ७१ टक्के. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत एवढी तफावत दिसली नाही, तरी आज एपीएसमध्ये ही दोन औषधं जोडीने देतात. म्हणजे जिथे पुरावा आहे तिथेही अ‍ॅस्पिरिन एकटं पुरेसं मानत नाहीत.

यासाठीच्या रक्ततपासण्या तीन : ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही, १२ आठवड्यांनी पुन्हा करून पक्कं करावं लागतं. तुमच्या झाल्या आहेत का?

मृण्मयी_न

@रानजाई, मनापासून आभार. थायरॉइड आणि साखर झाली, दोन्ही व्यवस्थित. या तिन्हींपैकी एकही झालेली नाही, नावंही पहिल्यांदा ऐकतेय.

शेवंताकाकू

मुलींनो, वाचून जीव गलबलला. आम्ही कराडकडचे. माझ्या थोरल्या जाऊबाईंची पाच वेळा पोटं पडली. त्या काळात काय तपासण्या आणि काय गोळ्या. अंगात उष्णता आहे म्हणायचे, कुणी बाहेरचं म्हणायचं, कुणी नवस बोलायला लावायचं. पाचव्यानंतर घरात ओटी भरायची वेळ आली की त्यांना कोणी पुढं करेना. त्या स्वैपाकघरात भांडी मांडत बसायच्या. पुढं पन्नाशीच्या आतच त्यांच्या पायात गाठ झाली रक्ताची, आणि ती फुप्फुसात गेली. त्यातच त्या गेल्या. रानजाईताई, तुम्ही लिहिलंत तसलंच काही त्यांना होतं का हो? आता विचारून उपयोग नाही, पण मला जाणून घ्यायचंय.

रानजाई

काकू, तपासणीशिवाय ठामपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण वारंवार गर्भपात आणि पायात रक्ताची गुठळी, हे दोन्ही एकाच बाईमध्ये असलं की आज कुठलाही डॉक्टर पहिल्यांदा एपीएसच तपासेल. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी या आजाराचं वर्णन १९८३ मध्ये केलं. त्यापूर्वी जगभरातल्या बायकांना हेच ऐकावं लागलं की दोष तुझा. जाऊबाईंचा दोष काहीही नव्हता.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये राहते, नणंदेच्या अनुभवाबद्दल लिहू शकते. इथे सरकारी आरोग्यसेवेत वारंवार गर्भपाताची पूर्ण तपासणी साधारण तिसऱ्या गर्भपातानंतर होते. दोनवर फार तर काही सुरुवातीच्या तपासण्या. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात मात्र दोन झाले तरी 'वारंवार' धरतात. त्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की कारण न सापडलेल्या गर्भपातांसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन देऊ नये. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं ते त्याला धरूनच होतं.

तिसऱ्याची वाट बघत बसणं किती कठीण असतं हे मी जवळून बघितलंय, त्यामुळे इथली पद्धत मला पटते असं नाही.

आकडेमोड

मी औषधांच्या चाचण्यांमधल्या आकडेवारीचं काम करतो. मूळ प्रश्न 'संशोधन काय सांगतं' हा आहे, म्हणून या विषयावरच्या दोन महत्त्वाच्या चाचण्या जरा उलगडून सांगतो. लांबण लागेल, पण यातल्या खाचाखोचाच महत्त्वाच्या आहेत.

पहिली नेदरलँड्समधली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. कारण न सापडलेले किमान दोन गर्भपात झालेल्या ३६४ बायका, तीन गट. अ‍ॅस्पिरिन अधिक हेपॅरिन : ५४.५ टक्के जणींना जिवंत मूल. नुसतं अ‍ॅस्पिरिन : ५०.८ टक्के. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी : ५७ टक्के. फरक नाही. आता फक्त ज्यांना दिवस राहिले त्यांचं बघू. प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के जणींच्या हाती बाळ आलं. कुठलंही औषध न घेता, तीनातल्या दोघींच्या. गर्भपात झालेल्या प्रत्येक बाईला दवाखान्यात सगळ्यात आधी हा आकडा कोणीतरी सांगायला हवा असं मला फार वाटतं.

दुसरी अमेरिकेतली 'ईगर' चाचणी, २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. एक किंवा दोन गर्भपात झालेल्या, १८ ते ४० वयाच्या १२२८ बायका. ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू, आणि दोन्ही गटांना फॉलिक अ‍ॅसिड. निकाल : अ‍ॅस्पिरिन गटात ५८ टक्के जणींना जिवंत मूल, प्लासिबो गटात ५३ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता नाकारण्याइतका मोठा नव्हता. गर्भपाताचं प्रमाण तर १३ आणि १२ टक्के, म्हणजे सारखंच. थोडक्यात, अ‍ॅस्पिरिनने गर्भपात थांबवले असं या चाचणीत दिसलं नाही.

पण ज्यांचा एकच गर्भपात, २० आठवड्यांच्या आत आणि गेल्या वर्षभरात झाला होता, त्यांच्यात मात्र ६२ विरुद्ध ५३ टक्के असा फरक दिसला. तिथेही जास्तीची बाळं आली ती मुख्यतः जास्त जणींना दिवस राहिले म्हणून. मृण्मयी, तुमचे दोन झालेत, त्यामुळे तुम्ही त्या उपगटात बसत नाही.

गोकर्ण

@आकडेमोड, ६७ टक्क्यांचं वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ त्यावरच बोलत होतो. धन्यवाद.

सुप्रिया_डी

एक मिनिट. मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की अ‍ॅस्पिरिन घेतल्यानेच गर्भपाताचा धोका ८० टक्क्यांनी वाढतो, परदेशात सिद्ध झालंय. मग डॉक्टर देतातच का? माझी भाची घेतेय, ती घाबरून गोळी सोडायला निघालीय.

आकडेमोड

त्या निरोपाच्या मुळाशी एक खरा अभ्यास आहे, २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या १०५५ गरोदर बायकांना त्यांनी घेतलेल्या वेदनाशामक औषधांबद्दल विचारलं. आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधं घेणाऱ्यांमध्ये गर्भपात ८० टक्के जास्त दिसले. पॅरासिटॅमॉलमध्ये तसं काही दिसलं नाही.

आता यातलं काय कोणाला लागू पडतं ते बघा. ती औषधं घेणाऱ्या बायका १०५५ पैकी फक्त ५३ होत्या. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या त्याहून कमी, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनबद्दलचा अंदाज फार डळमळीत होता. आणि या बायकांनी गोळी घेतली ती दुखतंय म्हणून, रोजची ठरवून दिलेली छोटी मात्रा म्हणून नव्हे. गर्भपात होण्याआधी ओटीपोटात कळा येतात, बाई कळांवर गोळी घेते, आणि नंतर कागदावर 'गोळी घेतली, गर्भपात झाला' असं दिसतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचणीत ही गफलत होत नाही. ईगरमध्ये कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनने गर्भपात वाढले नाहीत. थोडा रक्तस्राव दिसण्याचं प्रमाण मात्र वाढलं, पण त्याचा गर्भपाताशी संबंध आढळला नाही.

रानजाई

@सुप्रिया_डी, भाचीला सांगा, मनाने सुरू नको आणि मनाने बंदही नको. तिला एपीएससाठी दिलेली असेल तर ती सोडणं धोक्याचं आहे. आणि दुखलं-खुपलं तर दुकानातून कॉम्बिफ्लाम वगैरे आणून घ्यायची नाही, त्यात आयब्युप्रोफेन असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर या जातीची औषधं टाळायला सांगितलंय, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ८१ मिलिग्रॅमचं अ‍ॅस्पिरिन त्यांनी त्यातून वेगळं ठेवलंय.

सडेतोड

माझं मत वेगळं आहे. गर्भ टिकणं न टिकणं हे शरीर ठरवतं. आपल्याकडे मासानुमासिक पथ्य होतं, विश्रांती होती, मन शांत ठेवायचे. आता पाळी चुकायच्या आधीच गोळ्या. निरोगी बाईला महिनोन्‌महिने रक्त पातळ करायचं औषध देणं मला पटत नाही. माझ्या पत्नीने एकही गोळी घेतली नाही, दोन्ही मुलं ठणठणीत आहेत.

तेरेखोल

@सडेतोड, तुमच्या पत्नीचं सगळं सुखरूप झालं याचा आनंद आहे. माझं शरीर ठरवत होतं तेव्हा त्याने तीन वेळा नाही ठरवलं.

मी गोव्यात, पेडण्याला असते. तिसऱ्यांदा चौथा महिना संपत आलेला. बाळाच्या हालचाली कळायला लागल्या होत्या. त्यानंतर कुठे माझ्या एपीएसच्या तपासण्या झाल्या, पहिल्यांदा पॉझिटिव्ह, तीन महिन्यांनी परत पॉझिटिव्ह. पुढच्या खेपेला प्रयत्न सुरू केल्यापासून इकोस्प्रिन, आणि घरची टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासून पोटावर हेपॅरिनची इंजेक्शनं. रोज एक. सुरुवातीला नवरा द्यायचा, त्याचे हात थरथरायचे, मग मीच शिकले. पोट निळं-जांभळं पडलं होतं. इंजेक्शनांचा खर्च परवडावा म्हणून आम्ही घराचं काम दोन पावसाळे पुढे ढकललं. मुलगी सदतिसाव्या आठवड्यात झाली.

पथ्य आणि विश्रांती मी आधीच्या तिन्ही वेळेला काटेकोर पाळली होती. पलंगावरून उतरले नव्हते. म्हणून कोणी 'विश्रांती घेतली असतीस तर' म्हणालं की मला आजही फार लागतं. आणि मृण्मयी, तुझ्या डॉक्टरांना तपासण्यांबद्दल विचारच. मला कोणीतरी पहिल्यानंतर किंवा दुसऱ्यानंतर तरी सांगायला हवं होतं.

सडेतोड

@तेरेखोल, तुम्ही सोसलंत ते वाचून खरोखर वाईट वाटलं. तुम्हाला निदान झालं होतं, तिथे औषध हवंच. माझा मुद्दा निदान नसताना सरसकट देण्याबद्दल आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

आकडेमोड

निदान नसताना सरसकट देऊ नये, इतक्यापुरता मी @सडेतोड यांच्याशी सहमत आहे. पलंगावर पडून राहिल्याने गर्भपात टळतात असाही पुरावा नाही, हे मात्र जोडतो.

रानजाई

इथे मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण मी स्वतः काही वेळा निदान नसतानाही अ‍ॅस्पिरिन लिहून देते आणि त्याची कारणं आहेत.

माझ्याकडे येणारी बाई तीस किलोमीटरवरून एसटीने येते. एपीएसच्या तिन्ही तपासण्यांचे पैसे तिच्यासाठी महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त. नमुना जिल्ह्याच्या गावी पाठवावा लागतो, आणि १२ आठवड्यांनी पुन्हा. बऱ्याच जणींना तेवढ्यात दिवस राहिलेले असतात. अशा वेळी पुरावा पूर्ण नसला तरी, जिच्या बाबतीत मला एपीएसचा संशय आहे, तिला मी स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित गोळी सुरू करते. शिवाय गोळी चालू असलेली बाई पुढच्या तपासणीला नेमाने येते. रिकाम्या हाताने पाठवलेली कित्येकदा येत नाही, आणि मग थेट सातव्या महिन्यात वाढलेल्या रक्तदाबासह दिसते.

आकडेमोड

डॉक्टर, तुमच्या अडचणी खऱ्या आहेत आणि मी त्या कधी पाहिलेल्या नाहीत. तरीही माझी हरकत अशी. बाईला गोळी मिळाली की तिला वाटतं कारण सापडलं, उपाय सुरू झाला. मग पुढची तपासणी होतच नाही. ज्या बाळाचा जन्म एरवीही झालाच असता त्याचं श्रेय गोळीला जातं, आणि पुन्हा गर्भपात झाला तर ती म्हणते, माझ्याकडून एक दिवस गोळी चुकली म्हणून झालं. एपीएस असेल तर नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के, हा आकडा तुम्हीच वर दिलाय. म्हणजे संशय असलेल्या बाईला अर्धाच उपचार मिळतोय आणि तिला ते माहीत नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील तर ते तपासणीवर व्हावेत.

रानजाई

'माझ्याकडून गोळी चुकली म्हणून झालं' हे मी बायकांच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे तुमचा तो मुद्दा मला लागू आहे. तपासणीला प्राधान्य हवं हेही मान्य. पण तपासणी शक्यच नसेल तिथे मी गोळी देणं थांबवणार नाही. फक्त 'ही खात्रीचा उपाय नाही, संशयावर देतेय' हे तोंडाने सांगायलाच हवं, आणि ते सांगायला दोन मिनिटं लागतात.

मृण्मयी_न

तुम्हा दोघांचं हे बोलणं मला सगळ्यात उपयोगी पडलं. मला हीच दोन मिनिटं हवी होती.

फार्मसीकट्टा

लोक विचारतात म्हणून : अमेरिकेत ८१ आणि आपल्याकडे ७५ का? अमेरिकेत पूर्वी औषधं ग्रेनमध्ये मोजत. अ‍ॅस्पिरिनची नेहमीची गोळी पाच ग्रेनची, म्हणजे ३२५ मिलिग्रॅम. तिचा चौथा भाग ८१. कामाच्या दृष्टीने ७५ आणि ८१ मध्ये काही फरक धरायचं कारण नाही. आपल्याकडच्या गोळीवर आवरण असतं, ती पोटातून पुढे जाऊन विरघळावी म्हणून. चावू नका, तोडू नका, जेवणानंतर घ्या.

आणि पावसाळ्यात विशेष : ताप आला, डेंग्यूचा संशय असला तर ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, त्यात अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

वर्धेची_माई

मी निवृत्त परिचारिका. अ‍ॅस्पिरिनचं नाव निघालं आणि आपल्या विदर्भाचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहून राहिली.

गरोदरपणातल्या अ‍ॅस्पिरिनची एक फार मोठी चाचणी आपल्याकडेही झाली बाप्पा. भारत, पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला, सहा देश. जवळपास १२ हजार पहिलटकरणी. भारतातली केंद्रं दोन, बेळगाव आणि नागपूर. सहाव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान ८१ मिलिग्रॅमची गोळी सुरू करून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. २०२० मध्ये निकाल आला : मुदतीआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं. जन्माच्या आगेमागे होणारे बाळांचे मृत्यू हजारी ५३.६ वरून ४५.७ वर.

टक्क्यात बघितलं तर लहान वाटते. पण गावोगावच्या पहिलटकरणींच्या हिशेबाने बघा, किती घरचे पाळणे हलले असतील. आशाताई आणि नर्सबाई ज्या उन्हातान्हात फिरून अशी कामं करतात, त्यांचं नाव कुठे येत नाही.

आकडेमोड

@वर्धेची_माई, फार मोलाची भर. तो प्रश्न पहिल्या तिमाहीतल्या गर्भपाताचा नव्हता, हे मृण्मयीसाठी सांगतो. तिथे हेतू मुदतपूर्व प्रसूती टाळण्याचा होता. पण अ‍ॅस्पिरिन गर्भारपणाच्या उत्तरार्धात खरंच काम करतं याचे पुरावे पहिल्या तिमाहीपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. २०१७ च्या एका चाचणीत, ज्यांना प्रीक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराचा) धोका जास्त होता अशा १७७६ बायकांपैकी निम्म्यांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं. ३७ आठवड्यांच्या आत प्रीक्लॅम्प्सिया होण्याचं प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं.

कौमुदी७

अच्छा! म्हणजे माझ्या बहिणीला गोळी रक्तदाबासाठी दिली असणार, आमच्या आईला बाळंतपणात फार त्रास झाला होता. आम्ही समजत होतो गर्भपात टाळायला दिली. आज तिला फोन करते.

अबोली_सातारा

जरा वेगळं. पपईबद्दल कोणी लिहिलं नाही अजून! माझ्या आजेसासूबाईंनी माझ्या पहिल्या गर्भपातानंतर परसातलं पपईचं झाडच तोडायला काढलं होतं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, झाडाला जगू द्या, सुनेला झोपू द्या." झाड अजून आहे, आता पणतू त्यावर दगड मारतो आणि आजी त्यालाच ओरडतात, माझ्या झाडाला मारू नको म्हणून.

शेवंताकाकू

@अबोली_सातारा, बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले गं.

रानजाई

पपईवरून आठवलं. लवकरच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांमधला दोष असतं, आणि आईचं वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. जिना चढणं, स्कूटर, पपई, ऑफिस, कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. अ‍ॅस्पिरिनही तिथे काही करू शकत नाही. सरसकट सगळ्यांना दिलेल्या चाचण्यांमध्ये फायदा दिसत नाही याचं हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं : निम्म्या गर्भपातांवर ही गोळी काम करणं शक्यच नाही.

दत्ता_पाटील_हवेली

नवरेमंडळींच्या वतीने एक. आमच्या वेळी बायकोला कंपनीत रजेसाठी फार ऐकून घ्यावं लागलं, ती चौथ्या दिवशी कामावर गेली. नंतर कळलं की गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेली आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो. ही माहिती ना कंपनीने दिली ना दवाखान्याने. ज्या ताई-दादांना गरज पडेल त्यांनी एचआरला लेखी विचारा.

गोकर्ण

सहा आठवडे!! मला कोणीच सांगितलं नव्हतं.

थेम्सकाठी

@आकडेमोड, ईगरच्याच माहितीवर नंतर आणखी काही निघालं होतं ना? कुठेतरी वाचलं होतं की नेमाने गोळी घेणाऱ्यांना फायदा झाला.

आकडेमोड

हो, दोन गोष्टी. पहिली २०१७ ची. रक्तातलं सीआरपी (शरीरातल्या दाहाचं मोजमाप) ज्यांच्यात वरच्या पातळीला होतं, त्यांच्यात अ‍ॅस्पिरिनवर ५९ टक्के आणि प्लासिबोवर ४४ टक्के जणींना जिवंत मूल झालं. बाकीच्यांत असा फरक नव्हता.

दुसरी २०२१ ची. आठवड्यातले किमान पाच दिवस गोळी घेतली असती तर काय झालं असतं, असा हिशेब केला. दर १०० बायकांमागे १५ बाळं जास्त आणि ६ गर्भपात कमी, असा अंदाज आला. गोळी दिवस राहिल्यावर सुरू केली तर फायदा कमी झाला. मृण्मयीच्या डॉक्टरांनी 'आत्तापासूनच' म्हटलं, त्याला आधार इथे सापडतो.

पण सावधपणे घ्या. नेमाने गोळी घेणारी बाई आणि मध्येच सोडणारी बाई अनेक बाबतींत वेगळ्या असतात. मळमळ किंवा रक्तस्राव सुरू झाला म्हणूनही कोणी गोळी सोडते. संशोधकांनी हे फरक हिशेबात धरायचा प्रयत्न केला, तरी असा निष्कर्ष नव्याने चाचणी करून पडताळायला हवा. पूर्वीच्या नेदरलँड्सच्या चाचणीत तो दिसलेला नाही, हेही विसरू नये. मला विचाराल तर यावरचा शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही, आणि तो लिहायला भारतातल्या बायका चाचणीत हव्यात.

सडेतोड

हे नीट समजावलंत. चाचणी आपल्याकडे व्हावी याला माझं पूर्ण अनुमोदन.

मृण्मयी_न

सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आले. प्रश्न कागदावर लिहून नेले होते : एपीएसच्या तपासण्या करूया का, गोळी कोणत्या हेतूने, आणि कधीपर्यंत. त्या रागावल्या नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बोलल्या. तपासण्या लिहून दिल्यात. दुसऱ्या गर्भपाताला सहा आठवडे उलटून गेलेत, त्यामुळे लगेच करता येतील म्हणाल्या. निकाल येईपर्यंत गोळी चालू ठेवायचं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. तपासण्या निगेटिव्ह आल्या तर सोडायची की नाही यावर पुन्हा बोलू. नणंदेलाही हा धागा पाठवलाय.

तेरेखोल

छान केलंस. निकाल आले की इथे किंवा व्यक्तिगत निरोपात कळव. हेपॅरिन सुरू व्हायच्या आधीच ल्युपसची तपासणी करून घे, इंजेक्शनं चालू असताना तिचा निकाल फसवा येऊ शकतो असं मला सांगितलं होतं.

रानजाई

@तेरेखोल, बरोबर आहे.

निशिगंधा_ठाणे

नवीन सदस्य. सातवा महिना चालू आहे, एपीएस आहे, इकोस्प्रिन आणि इंजेक्शनं दोन्ही चालू. सिझेरियन होण्याची शक्यता सांगितलीय. पाठीत भूल देताना या औषधांमुळे अडचण येते का? भीती वाटतेय.

रानजाई

निशिगंधा, कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनमुळे पाठीतली भूल अडत नाही. बरेच डॉक्टर ती छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास थांबवतात. हेपॅरिनचं मात्र वेळापत्रक पाळावं लागतं : प्रतिबंधक मात्रा असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १२ तास, मोठी मात्रा असेल तर २४ तास. आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या आणि इंजेक्शनचं नाव व मात्रा लिहिलेला कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा. कळा सुरू झाल्यासारखं वाटलं तर पुढचं इंजेक्शन घेऊ नका, आधी दवाखान्यात फोन करा.